गडावर थांबायचं नाही

"मुद्दाम मागं राहिला ना, तर जिंदगीभर तुह्याशी बोलनार नाही." बुटाची नाडी आवळता आवळता धर्मेंद्रनं पिंटूला दम दिला.

"मी कायले मागं राहीन, भाऊ?" पिंटू हसला. नजर मात्र त्यानं वर केली नाही.

आंबागडच्या पायथ्याशी सकाळच्या थंडीत साठ-सत्तर जण हात चोळत उभे होते. गड तीनदा चढायचा, तीनदा उतरायचा. वाट म्हणायला वाट, बाकी सुटे दगड आणि सागाची वाळकी पानं. पहिला येईल त्याला नागपूरचा क्लब लडाखच्या शर्यतीला नेणार होता. तिथली खिंड पाच हजार मीटरवर; नुसतं उभं राहिलं तरी धाप लागते म्हणे. अट एकच होती, वय पस्तिशीच्या आत. धर्मेंद्रला पुढच्या महिन्यात पस्तीस वर्षं पूर्ण होत होती.

तो वनखात्यात रोजंदारीवर होता. उन्हाळाभर वणवे विझवत गड चढायचा आणि उतरायचा. लडाखचं खूळ त्याच्या डोक्यात दहा-बारा वर्षांपासून होतं. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तो नाकातोंडावर ओला दुपट्टा बांधून धावायचा. गावानं त्याला येड्यात काढलं. एकटा पिंटू, त्याचा चुलतभाऊ, हसला नाही. बारा वर्षांच्या त्या पोरानं घरून आपला दुपट्टा आणला, तोंडाला बांधला आणि मागे धावायला लागला. आता तो बावीस वर्षांचा होता.

धर्मेंद्रनं त्याला सगळं शिकवलं. चढावर पाऊल लहान, उतारावर नजर चार पावलं पुढे. आणि एक गोष्ट तर इतक्यांदा सांगितली, की पिंटू झोपेतही म्हणून दाखवील: गडावर कोणासाठी थांबायचं नाही. "मी पडलो तरी मले ओलांडून जायचं. मागून येनारे पाहतीन माह्यं."

गेल्या दोन महिन्यांत मात्र पिंटू पुढे निघून जायला लागला होता. धर्मेंद्रला त्याचा अभिमान वाटे. आणि खोटं कशाला बोला, थोडं पोटातही दुखे.

शिट्टी वाजली. पहिले दोन चढ पिंटू पुढे, धर्मेंद्र त्याच्या मागे, आणि मागे बऱ्याच अंतरावर नागपूरचा एक उंच गडी. तिसऱ्या चढावर पिंटू वळणाआड गेला आणि दिसेनासा झाला. धर्मेंद्रच्या छातीचा भाता झाला होता. जाऊ दे, पोरगं लडाख पाहील, आपलंच आहे, असं त्याच्या मनात आलं. लगेच त्याला स्वतःचाच राग आला आणि त्यानं पाय उचलले.

वळणाच्या पुढे दगडांचा एक ढीग आहे. फार वर्षांपूर्वी तिथून वाघानं एका गुराख्याला नेलं. सोबतचे जीव घेऊन पळाले, एकही मागे फिरला नाही. तेव्हापासून येणारा-जाणारा त्याच्या नावानं तिथं एक दगड टाकतो. त्या ढिगाशीच पिंटू आडवा पडला होता, घोटा दोन्ही हातांनी धरून.

"भाऊ, तू जा!"

"काय झालं बे?"

"काही नाही, पाय मुरगळला. वरते पानीवाले पोट्टे हायेत, ते पाहतीन मले. तू जाय ना!"

धर्मेंद्र चार पावलं पुढे गेलाही. माथा समोर होता, त्यावरचा पिवळा झेंडा फडफडताना दिसत होता. त्यानंतर नुसता उतार. इतकी वर्षं तो याच उतारासाठी जगला होता. त्यानं एकदा वळून बघितलं. दगडांच्या ढिगाशी पडलेलं ते पोर बघून त्याचे पाय उचलेनात.

तो माघारी आला.

"थांबू नको म्हनलं होतं ना तूच!" पिंटू ओरडला आणि ओरडता ओरडता रडायलाच लागला. "तुह्या पाया पडतो भाऊ. जाय ना!"

"चूप बस." धर्मेंद्र खाली बसला आणि त्यानं पिंटूला पाठीवर घेतलं.

तेवढ्यात नागपूरचा गडी वळणावरून आला. त्यानं ढिगाकडे बघितलं नाही आणि यांच्याकडेही नाही. तो सरळ माथ्याकडे निघून गेला.

आल्या वाटेनं उतरताना पिंटूनं भावाच्या खांद्यात तोंड खुपसलं. धर्मेंद्रच्या मानेवर मधूनमधून ऊन ऊन थेंब पडत होते. फार दुखत असेल बिचाऱ्याला, असं वाटून तो आणखी जपून पाय टाकू लागला.

खाली औषधपेटी घेऊन बसलेल्या रिता सिस्टरनं घोटा दाबून, फिरवून पाहिला. "सूजसुद्धा नाही. नशीब समजा."

धर्मेंद्रचा जीव भांड्यात पडला. पलीकडे नागपूरच्या गड्याला हार घालून फोटो काढणं चाललं होतं. धर्मेंद्रला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. लडाख आता आपल्या नशिबात नाही, हे त्यानं तिथंच उभं राहून मनाला समजावलं. पिंटू मात्र पुढच्या वर्षी जाईल. पाय शाबूत आहे, बाकी काय पाहिजे?

कोणीतरी पिंटूला मोटरसायकलवर घेऊन येणार होतं. उगाच भलतंसलतं ऐकून काकीनं धसका घेऊ नये, म्हणून धर्मेंद्र आधीच तिच्याकडे निघाला. काकी अंगणात तांदूळ पाखडत बसली होती.

"काकी, घाबरू नको. पिंटू गडावर पडला. पन पाय बरा हाये त्याचा."

काकीचं सूप थांबलं नाही.

"मी कायले घाबरू, बाप्पा? रातीच सांगून ठेवलं त्यानं. म्हने, आई, उद्या मी गडावर पडीन, तू घाबरू नको." मग सूप मांडीवर ठेवून तिनं हसऱ्या तोंडानं वर पाहिलं. "मंग? आला ना तू पहिला?"