लाकडी चांदणी

तपासणीच्या खोलीत जायच्या आधी आईनं तिसऱ्यांदा बजावलं, "मागच्या खेपेला तुला चांदणी बसवता आली न्हवती. आताबी बसवू नको. टक्के चाळीसच्या खाली आले की एसटीचा पास गेला. मग आंदर मावळातनं रोज मेणबत्त्या करायला कशी जाशील?" माझ्या अपंगत्वाच्या कार्डावर पंचेचाळीस टक्के आहेत. माझ्याबरोबर मेणबत्त्या करणाऱ्या प्रतीक्षाच्या कार्डावर पंच्याहत्तर. जास्त टक्के म्हणजे कमी कळतं, म्हणून मी तिच्या शेजारी डबा खात नाही. आज तपासणीला तिचा नंबर माझ्या आधी होता. मॅडमनी खाचांची लाकडी फळी ठेवली. ज्या आकाराची खाच, त्या आकाराचा तुकडा बसवायचा. प्रतीक्षानं खूप वेळ लावला, पण चांदणीसकट दहाही तुकडे बसवले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. मग मी बसले. नऊ तुकडे बसवले. चांदणी मुठीत धरून म्हणाले, "येत न्हाई." मॅडम लिहायला लागल्या. तेवढ्यात प्रतीक्षा येऊन माझी मूठ सोडवायला लागली. "सोपं हाय गं. मी दावते." मी तिचा हात झटकला. सगळे तुकडे टेबलावर ओतले आणि दहाच्या दहा पुन्हा बसवले, तिच्यापेक्षा लवकर, आईकडं न बघता. मॅडमनी लिहिलेलं खोडलं. खोलीत टाळ्या वाजल्या. वाजवणारी एकटी प्रतीक्षा होती.