कप्प्यात कप्पा

सेटिंगच्या फाइलमध्ये कप्प्यात कप्पे होते आणि ऑफिसचा प्रोग्राम पहिल्याच कप्प्याचं नाव वाचून दारात थांबत होता. त्याला आत शिरायला शिकवता शिकवता तिची दुपार गेली. जीव मात्र घरी, तापलेल्या लेकीपाशी. निघताना तिने फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली होती: कपाट, कपाटात खालचा खण, खणात निळा डबा, डब्यात तापाचं औषध.

अखेर प्रोग्राम एकदाचा तळापर्यंत पोचला. तिने खुर्चीला मान टेकली, तोच नवऱ्याचा फोन.

"अगं, पोरीचं अंग पुन्हा तापलंय. औषध कुठंय?"

"चिठ्ठी वाचली नाहीस?"



"वाचली की. केव्हाचा कपाटासमोरच उभा आहे."