दुसरा कान

"पहिल्यांदा अफू कुणी दिली?" इराणमधल्या केरमानच्या व्यसनमुक्ती दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं. कामबीझ म्हणाला, "दिली कुणीच नाही. लहानपणी कान ठणकला की बाबा मांडीवर घेऊन अफूच्या नळीतला धूर कानात फुंकायचे. एरवी कधी जवळ घेतलं नाही. मग मी खोटंच सांगायचो, दुसराही दुखतोय." तेवढ्यात आईचा फोन आला. "तुझी लेक तराने कान धरून रडतेय रे. पण घाबरू नकोस, तुझ्या बाबांची नळी काढलीय मी." "आई, तिला हात लावशील तर बघ!" ओरडतच तो घराकडे धावला. दार उघडताच ओळखीचा गोडसर वास आला, आणि त्याच्याच तोंडाला पाणी सुटलं. आजीच्या मांडीवर लेक शांत पडली होती. "तू मेलास का ह्यानं?" आई हसली. लेकीनं हळूच कूस बदलली. "आजी, हाही दुखतोय."