शून्य ते पाच

भावना आवरायला शिकवणाऱ्या वर्गात लेकीला घालून आठ महिने झाले. मनाचा भडका उडाला की मुठीत बर्फ धरायचा, तोंडावर गार पाणी मारायचं, आणि रोज रात्री त्या दिवसाचा तक्ता भरायचा. राग किती, रडू किती, जीव नकोसा किती, शून्य ते पाच.

तक्ता तिचा आणि वर्गातल्या बाईंचा, घरच्यांनी डोकावायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. पण मी कारखान्यात हजेरीपट तपासते. तिथे माझ्या नजरेतून एक खोटी सही सुटत नाही, मग पोटच्या पोरीचा कागद कसा सोडणार? रोज सकाळी ती अंघोळीला गेली की उशीखालून काढून बघायचे. चार किंवा पाच दिसला की दिवसभर घास उतरायचा नाही.

"आई, जेवलीस का गं?" ती संध्याकाळी विचारायची. "हो," म्हणून मी तोंड फिरवायचे.

आज बघते तर सगळ्या रकान्यांत शून्य! मी धावत जाऊन नवऱ्याला फोन लावला. "अहो, सुटलो एकदाचे! आख्खा आठवडा शून्य आहे." पलीकडे ते रडायलाच लागले.

फोन ठेवून मी पुन्हा एकदा डोळे भरून तक्ता पाहिला. या आठवड्याच्या सोमवारपासून रविवारपर्यंत, सगळी शून्यं एकाच शाईत, एकाच ओळीत.

आज बुधवार आहे.