दोघांचं बोलावणं

"पुढे वाचा, डॉक्टर. सही कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखवा," प्रिन्स एतिएन म्हणाले.

अनुराधाने पान उलटलं आणि ती थांबली. लंडनच्या पिनर उपनगरात ती त्यांच्या शेजारी तीस वर्षं राहत होती. एतिएनची नजर गेल्यापासून त्यांची पत्रं तीच वाचून दाखवायची. आजचा कागद फ्रान्सहून आला होता. तो घेऊन आलेला लुसियां समोरच्या सोफ्यावर पेन हातात धरून बसला होता. एतिएनच्या चुलतभावाचा नातू. कोट झकास, बोलणं मऊ.

मजकूर फार नव्हता. एतिएनचे वडील इथल्या दफनभूमीत होते. त्यांचे अवशेष फ्रान्सला, घराण्याच्या चॅपेलमध्ये, म्हणजे पूर्वजांच्या कबरी असलेल्या खासगी प्रार्थनाघरात न्यायचे होते. त्यासाठी मुलाची संमती हवी होती. वडिलांशेजारी एतिएनसाठीही एक जागा राखून ठेवली होती.

एक्क्याण्णव वर्षांचे एतिएन सकाळपासून टाय लावून तयार होते. फ्रान्सच्या जुन्या राजघराण्यातले राजपुत्र असूनही त्यांनी तो देश कधी पाहिला नव्हता. आजोबांना देशाबाहेर काढलं, वडील इंग्लंडात वाढले, ते स्वतः इथेच जन्मले. हॅरोमधल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर मुलांना फ्रेंच शिकवलं, पण सुट्टीत कधी पॅरिसला गेले नाहीत. "आपल्याच देशात टूरिस्ट म्हणून काय जायचं?" असं म्हणायचे.

१९५० साली राजघराण्यांना फ्रान्समध्ये येऊ न देणारा कायदा उठला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. घराण्याकडून पत्र आलं, परत या. एतिएनने त्याच दुपारी ट्रंक भरायला घेतली. वडिलांनी मात्र पत्र वाचून त्याची घडी केली, ती खिशात टाकली आणि ते म्हणाले, "तिथे चहा धड मिळत नाही." विषय संपला. हा ताठा एतिएनने त्यांना कधीच माफ केला नाही. अंत्यविधीलाही आपण कोरडेच उभे होतो, हे त्यांनी एकदा स्वतःच अनुराधाला सांगितलं होतं.

"का थांबलात?" त्यांनी विचारलं.

"यात एकच नाव आहे. तुमच्या आईचं नाव नाही."

महिन्यातून एकदा ती त्यांना गाडीने दफनभूमीत न्यायची. तिथे एकाच दगडावर दोन नावं होती. दुसरं त्यांच्या आईचं, एडिथचं, हॅरोच्या एका बेकरीवाल्याच्या मुलीचं.

लुसियां जरा पुढे सरकला. "अंकल, चॅपेलचा नियम आहे. घराण्याने ज्या लग्नाला मान्यता दिली नाही, त्यातली पत्नी तिथे... त्यांची कबर इथे उत्तम राखू आम्ही. तसं लिहून देतो."

"नियम नवा आहे?" एतिएननी विचारलं.

"छे, फार जुना. पन्नास साली तुमच्या वडिलांनाही तेच कळवलं होतं. मुलाला घेऊन या, पत्नी इंग्लंडमध्येच राहू दे. त्या पत्राची नक्कल आहे आमच्याकडे. त्यांनी उत्तरच पाठवलं नाही."

बाहेर कोणीतरी फुटपाथवरून कचऱ्याचा डबा खडखडत ओढत नेत होतं.

"आईला हे ठाऊक नव्हतं," एतिएन म्हणाले. "मरेपर्यंत ती मला म्हणायची, तुझे पापा हट्टी, नाहीतर आपण तिघं पॅरिसला असतो. ते समोर बसून ऐकायचे. हसायचे."

लुसियांने पेन त्यांच्या बोटांत ठेवलं. त्यांनी ते चाचपून पाहिलं आणि टोपण लावून परत केलं.

"अंकल, इतकी वर्षं ते परक्या मातीत आहेत."

"ते त्यांच्या बायकोजवळ आहेत," एतिएन म्हणाले. "कागद घेऊन जा. प्रवास सांभाळून कर."

लुसियां वाईट माणूस नव्हता. त्याने कागद बॅगेत घातले, वाकून त्यांच्या हाताला हात लावला आणि निघाला. अनुराधा त्याला दारापर्यंत सोडून आली. एतिएन तसेच बसले होते, फक्त टाय सैल केलेला. फ्रान्समधल्या त्या जागेबद्दल गेले दोन महिने ते किती बोलले होते, तिला माहीत होतं. खिडकी कोणत्या बाजूला असेल, हेसुद्धा त्यांनी तिच्याकडून फोटोत बघून घेतलं होतं.

"आणि तुमचं काय?" तिने हळूच विचारलं.

"दफनभूमीत आईच्या पलीकडे एखादी जागा मिळते का, कौन्सिलला जरा फोन करून विचाराल?"