हनुवटीवरचा तीळ

देवळाच्या भिंतीवरचं बाळदेवाचं जुनं चित्र उजळायला चित्रकाराला बोलावलं होतं. देवाच्या हनुवटीवर तीळ बघून त्यानं कपाळाला हात लावला. "ग्रंथात देवाचं नखशिखांत वर्णन आहे, त्यात तिळाचं नावसुद्धा नाही. आधीच्यानं इथं अकलेचे दिवे पाजळलेत!" म्हणत त्यानं कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात तीळ घालवला.

संध्याकाळी रोजच्या आजी आल्या. देवाची हनुवटी कुरवाळायला उचललेला त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"आता कसा अगदी ग्रंथातला देव दिसतोय ना, आजी?" चित्रकारानं कौतुकानं विचारलं.



"आमच्या बाळाचा एकही फोटो नव्हता रे," आजी म्हणाल्या, "म्हणून तो गेल्यावर ह्यांनी त्याला इथं रंगवून ठेवलं होतं."