दोन कुलपांतली गाडी

आधी थोरल्या भावाने आपलं कुलूप काढलं, मग श्रीपतरावांनी. वडिलांच्या उघड्या टपाच्या विलायती गाडीवरून भावांत बिनसलं, तेव्हापासून शेडला कुलुपं दोन आणि दोघांच्या घरी एकेक किल्ली. बायकांनीही एकमेकींची पायरी चढायची नाही, असा दंडकच होता.

आता गाडी दुरुस्त करून विकायची ठरली होती. पुण्याच्या मिस्त्रीने ताडपत्री ओढली आणि श्रीपतराव चमकले. बॉनेटवर यंदाच्या दसऱ्याचा सुकलेला हार होता.

“मिस्त्री, विचारा त्यांना, माझ्या कुलपाची किल्ली कधी बनवून घेतली?”

“आणि माझ्या कुलपाची कुणी बनवली, तेही विचारा त्यांनाच!” थोरले कडाडले.

श्रीपतरावांनी दिवे, आरसे, स्टिअरिंग एकेक करून चाचपलं. सगळं जागेवर होतं आणि सगळ्यावर बोटभर धूळ होती. मागची सीट मात्र लख्ख पुसलेली. तिच्यावर चिवड्याचा डबा आणि दोन कप.

ते गर्रकन वळले. दारात त्यांची बायको आणि वहिनी शेजारी शेजारी उभ्या होत्या.

“गाडी खुशाल विका, भावोजी,” वहिनी म्हणाल्या. “आम्ही दोघींनी बसायचं कुठे, तेवढं आधी सांगा.”